वाराची गोळी

"हा डेंग्यू नाही," मोठ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "ही मेथोट्रेक्सेट टॉक्सिसिटी आहे. तुझ्या आईच्या अंगात तिचंच औषध विष होऊन बसलंय."

वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये आम्ही उभे होतो. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे हे मॅडमना ठाऊक होतं, म्हणून त्या आडपडदा न ठेवता बोलत होत्या. पॅनसायटोपेनिया, म्हणजे रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम तळाला. म्यूकोसायटिस, म्हणजे तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलवटून निघालेलं. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे औषध अंगाबाहेर टाकायचं काम ज्या मूत्रपिंडांचं, तीच दमलेली. शेजारी माझे दादा-वहिनी होते. त्यांना यातलं काहीच कळत नव्हतं. ते आपले "मॅडम, बरी होईल ना?" एवढंच विचारत होते. मला सगळं कळत होतं, आणि त्या घडीला मला त्या दोघांचा हेवा वाटला.

हे लिहितेय ते मुख्यतः माझ्यासारख्या नर्सिंग शिकणाऱ्यांसाठी. आणि ज्यांच्या घरात कुणाला आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी. रडगाणं गायचं नाही असं ठरवलंय. जमेल तेवढं पाळीन.

माझी आई मासे विकते. आम्ही आगरी, घर पनवेलजवळ, विचुंब्याच्या अंगाला. जिथे आमची भातशेती होती तिथे आता बिल्डिंगा आहेत आणि त्या बिल्डिंगांतल्या बायका आईकडून पापलेट घेतात. घरी बस, असं दादाने तिला शंभरदा सांगितलं असेल. तिने पाटी सोडली नाही.

मासे विकणाऱ्या बाईच्या आठवड्याचे दोनच भाग असतात. खायचे दिवस आणि वार. बुधवार, शुक्रवार, रविवार खायचे. त्या दिवशी आईला डोकं वर करायला फुरसत नसते. ज्या दिवशी देवासाठी मासळी बंद, तो वार. "आज माझा वार हाय" असं गिऱ्हाइकाने म्हटलं, की तिच्यापुढे पाटी उघडायची नाही. आईचा स्वतःचा सोमवार, शंकराचा, लग्नाच्या आधीपासूनचा. ती दिवसभर माशांत बसते, पण सोमवारी माशाचा वास घेऊनही जिभेला पाणी सुटत नाही असं अभिमानाने सांगते. आम्ही तिच्या या अभिमानाची फार टिंगल करायचो.

दोनेक वर्षांपूर्वी तिची बोटं सकाळी उघडेनाशी झाली. सांधे सुजायचे, लाल व्हायचे. कोयता हातातून निसटायला लागला. बाजारात हसं होईल म्हणून ती तो फडक्याने मुठीला बांधून मासे कापायची. हे तिने आम्हाला सांगितलं नाही, बाजूला बसणाऱ्या मावशीने सांगितलं. मग मी नर्सिंगला लागले तेव्हा तिला हाताला धरून नवीन पनवेलातल्या सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच उलटून आपल्या सांध्यांवर चाल करते तो आजार.

डॉक्टर मूळचे सोलापूरकडचे. भला माणूस. आईच्या हाताला माशाचा वास येत होता तरी दोन्ही हात आपल्या हातात घेऊन एकेक पेर दाबून बघितलं. मेथोट्रेक्सेट लिहून दिलं आणि आईकडे वळून म्हणाले, "मावशी, ही गोळी रोज घ्यायची नाही हं. रोज घेतली तर जिवावर बेतेल. ही फक्त वारी घ्यायची. तुमचा वार कोणता?"

"सोमवार," आई म्हणाली.

"झालं तर मग! ही तुमची वाराची गोळी. बाकीच्या दिवशी ही दुसरी."

दुसरी म्हणजे फॉलिक ॲसिड. पहिलीचा त्रास कमी व्हावा म्हणून देतात ते जीवनसत्त्व. मी शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होते आणि खूश झाले होते. रुग्णाच्या आयुष्यातल्या एखाद्या सवयीला औषध बांधून द्यावं म्हणजे विसर पडत नाही, हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं. इथे डॉक्टरांनी ते आईच्या सोमवाराला बांधून दिलं होतं. याहून चांगलं कुणी काय सांगणार?

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "डॉक्टर बरा हाय. पथ्य बराबर सांगितला त्यानी."

मी "हो" म्हटलं. पथ्य कसलं, हे विचारावं असं मनात आलं नाही. का यावं? तिने गोळी सोमवारी घ्यायची होती आणि ती सोमवारी घेणार होती.

आणि घेतलीही. काही महिन्यांत तिची मूठ वळायला लागली. कोयत्याचं फडकं सुटलं. रक्ताच्या तपासण्या चांगल्या येत होत्या. बाजारात तिने वाराच्या गोळीची एवढी जाहिरात केली की दोन-तीन बायका तीच गोळी मागायला औषधाच्या दुकानात गेल्या. डॉक्टरला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही, असं मी जाऊन त्यांना दटावून आले. आपण किती जागरूक, असंही मला वाटलं असणार.

मी हॉस्टेलला असते. सुट्टी मिळाली तर रविवारी घरी जायचे. रविवार खायचा दिवस. त्या दिवशी आई मला कोलंबी वाढायची आणि जेवण झालं की फॉलिक ॲसिडची गोळी घ्यायची. मी बघायचे. सगळं बरोबर चाललेलं दिसायचं, कारण रविवारी ते बरोबरच असायचं.

यंदा श्रावणात माझं पोस्टिंग लागलं आणि रविवारही गेले. आईशी फोनवर बोलणं व्हायचं. एकदा ती म्हणाली, तोंड आलंय, तिखट लागत नाही. वहिनीने गुलकंद दिला, तुपाचं बोट फिरवायला लावलं. उपासतापासाने उष्णता झाली, असं घरात ठरलं. मी बी-कॉम्प्लेक्स घे म्हटलं. मग हगवण लागली, मग ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी तापाची आणि अंगदुखीची गोळी दिली. ताप उतरेना. दादाने तिला उचलून हॉस्पिटलात नेलं आणि मला बोलावून घेतलं.

ती मला बघून म्हणाली, "तू कशाला आलीस? तुजी ड्यूटी हाय ना?" एवढं बोलायला तिला फार कष्ट पडले. ओठांच्या आत पांढरे-पिवळे व्रण होते आणि बोलताना त्यातून रक्त येत होतं. दंडावर, पिंढऱ्यांवर जांभळे ठिपके उठले होते. ते पर्प्युरा. प्लेटलेट्स कमी झाल्या की त्वचेखाली असं रक्त पाझरतं.

ऑगस्टातलं पनवेल. प्रत्येक दुसऱ्या खाटेवर डेंग्यू. ताप, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट्स कमी, सगळं डेंग्यूसारखंच. टेस्ट निगेटिव्ह आली, पण ती कधी कधी येतेच. अंगावर डेंग्यूचा शिक्का बसला. बसवणाऱ्यांना मी दोष देत नाही. मीही तोच बसवला असता.

भरती करताना तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी सगळी औषधं विचारली. नीट विचारली, हे मी मुद्दाम सांगते. मेथोट्रेक्सेटचं नाव ऐकल्याबरोबर त्यांनी पेन थांबवलं. "मावशी, ही गोळी रोज तर घेत नव्हता ना?"

"नाय, रोज नाय," आई म्हणाली. "वाराला."

"आठवड्यातून एकदा, सोमवारी," मी पुस्ती जोडली.

त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. त्यांनी प्रश्न बरोबर विचारला, आईने उत्तर खरं दिलं, मी ते शुद्ध मराठीत सांगितलं. आम्हा तिघांत खोटं कुणीच बोललं नाही. हे आठवलं की आजही मला काही तरी उचलून भिंतीवर फेकावंसं वाटतं.

मग वाट बघणं सुरू झालं. सलाईन, प्लेटलेट्सच्या पिशव्या, सकाळ-संध्याकाळ रक्त. डेंग्यूत ताप उतरला की पुढे प्लेटलेट्स चढायला लागतात, म्हणून आम्ही त्या चढण्याची वाट बघत होतो. त्या चढत नव्हत्या. दिलेल्याही कुठे जिरून जात होत्या कोण जाणे. पांढऱ्या पेशी रोज खाली. आईला पाण्याचा घोट गिळवत नव्हता. पेज दिली तर नुसती ओठांवरून ओघळायची. ती रडायची नाही, फक्त माझ्याकडे बघायची. मुलगी नर्स होणार म्हणजे तिला काही तरी करता येत असणार, असं त्या बघण्यात असायचं.

मला काय येत होतं? मला तिचा बीपी घेता आला असता, पण तो घ्यायला सिस्टर होत्या. मला तिची कूस बदलता येत होती, तेवढी मी बदलत होते. "नातेवाईक बाहेर थांबा" म्हटलं की पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसायचं. पोस्टिंगच्या वॉर्डात हेच वाक्य मी दुसऱ्यांना ऐकवते, आणि वेळ लागला तर आवाज चढवते. त्या बाकावर बसून दारातून फक्त खाटेचं पायाकडचं टोक दिसतं. आईच्या पायाची, नख सोललेली करंगळी चादरीबाहेर आली होती. मी दिवसभर ती करंगळी बघत बसायचे आणि ती हलली की बरं वाटायचं.

एका दुपारी मी तिच्या ओठांवरून ओला कापूस फिरवत होते. तिने डोळे उघडले आणि खूण करून मला जवळ बोलावलं.

"बाय, माजी वाराची गोली रायली. हितं कोनीच देत नाय."

"आई, आज बुधवार आहे," मी म्हटलं. मला वाटलं तिला दिवसाचं भान राहिलं नाही.

तिने चिडून डोकं हलवलं. "बुधवार काय नि गुरुवार काय! श्रावन हाय ना? श्रावनात सगले वारच."

मी कापूस वाटीत ठेवला.

"म्हणजे श्रावण लागल्यापासून तू ती रोज घेतेस?"

"रोज कुटं?" ती म्हणाली. "वाराला."

आता मी थोडं-थोडं विचारत गेले आणि ती मला, अर्ध्या शब्दांत, कंटाळत, जणू मी ढ आहे अशा सुरात सांगत गेली. तिच्या डोक्यात गोष्ट अगदी स्वच्छ होती. गोळी कडक आहे. कडक औषधावर मासळी चालत नाही, हे तिच्या आजीपासून सगळ्यांना माहीत आहे. म्हणून डॉक्टरांनी ती वाराला घ्यायला सांगितली, खायच्या दिवशी नको म्हणून सांगितली. हेच ते पथ्य. सोमवार हा तिचा एकुलता वार होता तोवर गोळी एकदाच गेली. मध्यंतरी तिने गुरुवारही धरला, तेव्हा गोळी गुरुवारीही सुरू झाली. हात आणखी हलके झाले, त्यामुळे आपलं बरोबर चाललंय अशी तिची खात्री पटली. श्रावण लागला आणि महिनाभर मासळी बंद झाली, तसे सगळेच दिवस वार झाले. आणि 'बाकीचे दिवस' उरलेच नाहीत, म्हणून जे फॉलिक ॲसिड तिला थोडं तरी सांभाळत होतं, ते बंद पडलं. बाजाराशेजारच्या दुकानात रिकामी पट्टी दाखवली की नवी मिळायची. कुणी विचारलं नाही.

"गुरुवार कधी धरलास?" मी विचारलं.

"धरलाय. कशासाटी ता सांगायचा नसतो," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

मी पॅसेजमधून अक्षरशः धावत गेले. नर्सने वॉर्डात धावायचं नसतं, पण मी त्या वेळी नर्स नव्हते. तरुण डॉक्टर भेटले. मला धड सांगता येईना. "वार म्हणजे वार नाही, डॉक्टर, वार म्हणजे मासे न खायचा दिवस," एवढंच मी दोनदा म्हणाले. आधी त्यांना वाटलं माझंच डोकं फिरलंय. मग त्यांचा चेहरा उतरला आणि तेही मोठ्या मॅडमच्या खोलीकडे धावले.

सुरुवातीला लिहिलेलं बोलणं त्यानंतरचं.

मॅडमनी उतारा सांगितला, ल्यूकोव्होरिन. त्याचं दुसरं नाव फॉलिनिक ॲसिड. दादा तो आणायला गेला. दुकानदाराने 'हे त्यातलंच' म्हणून जे हातावर ठेवलं ते घेऊन धापा टाकत परत आला. वॉर्डच्या सिस्टरनी बाटली उजेडात धरून नाव मोठ्याने वाचलं. "फॉलिक. मला फॉलिनिक पाहिजे. परत जा." दादा भडकला. एका अक्षरासाठी माणूस मारणार का, म्हणाला.

त्या अक्षराची गोष्ट तुम्हाला परीक्षेत येईल, म्हणून सांगून ठेवते. पेशींना वाढायला फॉलिक ॲसिड लागतं, पण ते वापरात यायला एका दारातून जावं लागतं. मेथोट्रेक्सेट नेमकं तेच दार बंद करून बसतं. मग बाहेर फॉलिक ॲसिडचे ढीग लावा, आत काही जात नाही. फॉलिनिक ॲसिड मागच्या दाराने जातं. एवढाच फरक, आणि तो आईच्या जिवाएवढा होता. दादाला योग्य बाटली दुसऱ्या दुकानात मिळाली. त्या सिस्टर माझ्याशी नंतरही कधी दोन शब्द जास्त बोलल्या नाहीत. पण त्यांनी नाव मोठ्याने वाचलं, हे मी जन्मात विसरणार नाही.

उतारा सुरू झाला म्हणजे आता सुटलो, असं वहिनीला वाटलं. तसं नसतं. औषधाने हाडांच्या आतला मगज, म्हणजे बोन मॅरो, झोपवला होता, जिथे रक्ताच्या पेशी तयार होतात तो. तो जागा व्हायला वेळ लागतो आणि तोवर साधी सर्दीसुद्धा जीव घेऊ शकते. आईला वेगळ्या खोलीत नेलं. मास्क, गाऊन, एका वेळी एकच माणूस, तेही थोडा वेळ. अँटिबायोटिक, फिल्ग्रास्टिम, म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन, आणि वाट बघणं. मॅडम म्हणाल्या, "आता करण्यासारखं सगळं केलंय." याचा अर्थ आम्हाला वर्गात शिकवलेला नाही, पण कळतो.

काचेतून ती दिसायची. केस उशीवर गळून पडलेले, ओठ काळे. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. एवढंच सांगते, की कबूल करताना एक वार धरावासा वाटला आणि तो शब्द मनात आल्याबरोबर मला भडभडून आलं. वहिनीने मला जवळ घेतलं. एरवी आमचं फारसं जमत नाही.

मला कुणावर तरी संतापायचं होतं. दादालाही. तो सांध्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन तमाशा करणार होता. त्याआधी तेच आले. मॅडमनी कळवलं होतं. काचेसमोर उभे राहून त्यांनी आईकडे बराच वेळ बघितलं.

"काय सांगितलात तुमी माज्या आईला?" दादाने विचारलं. रागात त्याची बोली गावची होते.

डॉक्टर वळले. "वारी घ्या म्हणालो," ते म्हणाले. "आमच्याकडे वार म्हणजे नुसता वार असतो. सोमवार, मंगळवार. मला वाटलं, मी मावशींच्या भाषेत बोलतोय."

दादा तिथल्या खुर्चीत बसला आणि डोकं धरलं. डॉक्टर त्याच्याशेजारी बसून राहिले. मी पाणी आणून दिलं, ते दोघांनीही प्यायलं नाही. शिवी द्यायला एखादा मस्तवाल, बेफिकीर माणूस मिळाला असता तर किती सोपं झालं असतं.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षात आम्ही घोकतो: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. मी पाठ म्हणून दाखवू शकते, झोपेतून उठवलंत तरी. पण योग्य वेळ कुणाच्या डोक्यातली? आईने एकही वेळ चुकवली नव्हती. इतकी नेमाने औषध घेणारी बाई मी अजून कुठल्या वॉर्डात बघितलेली नाही. ती विसराळू असती तर एवढी आजारी पडली नसती.

पांढऱ्या पेशी हळूहळू चढल्या. आधी इतक्या हळू की मॅडमनी आम्हाला सांगितलंच नाही. मग एका सकाळी तोंडातला एक व्रण लाल दिसायला लागला, म्हणजे तिथे नवं अस्तर येत होतं. मग ताप गेला. बोलायला लागल्यावर आईचं पहिलं भांडण झालं ते आहाराच्या बाईंशी. त्या अंड्यातलं पांढरं द्या म्हणाल्या. "श्रावन हाय," आई म्हणाली. त्यांनी समजावलं, मॅडमनी समजावलं, मी ओरडले. शेवटी डाळीचं पाणी आलं. मी त्या खोलीबाहेर येऊन हसले आणि हसता हसता भिंतीला टेकून रडले.

घरी सोडताना नवीन गोळ्या मिळाल्या. मेथोट्रेक्सेट कायमचं बंद. या वेळी कागदावर लिहिलेलं असूनही सांध्यांचे डॉक्टर स्वतः आले आणि आईला म्हणाले, "मावशी, मी सांगत नाही. तुम्हीच मला सांगा, ही कधी घेणार?"

"रोज."

"रोज म्हणजे?"

आईने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं ती घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघते. "रोज म्हंजे रोज. वाराला पन, खायच्या दिवसाला पन, गटारीला पन."

डॉक्टर हसले आणि चष्मा पुसायला लागले.

हे सगळं वाचून तुमच्या हाताला काही लागावं असं वाटतं, म्हणून माझ्यापुरतं सांगते. मी आता वॉर्डात कुणालाही "समजलं का?" विचारत नाही. त्याला सगळे हो म्हणतात. मी विचारते, ही गोळी गेल्या आठवड्यात कुठल्या कुठल्या दिवशी घेतली, आणि या आठवड्यात कुठल्या दिवशी घेणार. दिवसाचं नाव त्यांच्या तोंडून येईपर्यंत हलत नाही. 'वारी', 'एक दिवसाआड', 'आठ दिवसांनी', 'उपाशीपोटी' हे शब्द आपल्याला सोपे वाटतात, कारण ते आपले आहेत. एका आजीने मला उपाशीपोटी म्हणजे उपासाच्या दिवशी, असं सांगितलंय. आणि आठवड्याच्या गोळीवर असलेल्या माणसाचं तोंड आलं, तर गुलकंद नंतर द्या, आधी रक्त तपासा. त्या गोळीवर अंगदुखीचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नये, त्याने ती गोळी अंगात साचत जाते. वॉर्डातल्या बायका मला चिकट म्हणतात. म्हणू देत.

आईची बोटं पुन्हा आखडायला लागली आहेत. नवीन गोळ्या तेवढ्या लागू पडत नाहीत. पडतील कदाचित, डॉक्टर म्हणतात. बाजारातल्या ओट्यावर आता वहिनी बसते, कोयता तिच्या हातात. आई बाजूला स्टुलावर बसून भाव सांगते आणि वहिनीने काढलेल्या तुकड्यांना नावं ठेवते. कधी कधी ती आपले हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहते. मला त्या वेळी तिथे थांबवत नाही. ती जिवंत आहे, हे मी स्वतःला सांगते आणि ते पुरतं. बहुतेक दिवस पुरतं.

परवा सुट्टी होती म्हणून मी घरी गेले. गुरुवार होता. आईने ताटात बोंबील वाढून घेतले आणि जेवायला बसली.

"आई, आज गुरुवार. तुझा वार ना?"

"फिटला," ती म्हणाली. "सोरला मी."

"कुणाचा होता? आता तरी सांग."

तिने वाकड्या बोटांनी काटा बाजूला केला. त्यालाही तिला वेळ लागला.

"तुजा," ती म्हणाली. "तो औषदांचा पेपर नाय का, त्याला तू लय घाबरायचीस. पास व्हवस म्हून धरलेला. निकाल लागला ना तुजा?"

निकाल लागला होता. त्या पेपरात मी पास झाले होते.